दोनदा दिलेला भोंगा

शिद्रामअण्णाच्या मोटारीत बसलेला माणूस सहसा वेळेवर पोचत नसे. पण पोचत असे. त्या काळी सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक मोटारीबद्दल एवढं म्हणता आलं नसतं.

मी त्या सर्व्हिसचा बुकिंग मास्तर होतो. नाव मोठं, काम बेताचं. सात रस्त्याजवळच्या अड्ड्यावर टेबल टाकून तिकिटं फाडायची आणि मोटार सुटली की ड्रायव्हरशेजारी बसून वाटेतली माणसं गोळा करायची. सहा वर्षं मी त्याच्या डाव्या हाताला बसलो. माझ्याइतकं त्याला जवळून कुणी पाहिलं नसेल, आणि मी त्याचं जे केलं तेही दुसऱ्या कुणी केलं नसतं. त्याच्याविषयी लिहायला मी याआधी दोनदा बसलो. दोन्ही वेळा तो किती चांगला होता एवढंच लिहून झालं आणि कागद फाडले. या खेपेला फाडायचे नाहीत असं ठरवलं आहे.

अंगानं तो काटकुळा, मान पुढं काढून बसणारा. डोक्याला तांबडा पटका, सीटवर घडी घातलेलं घोंगडं. अक्कलकोटाकडच्या धनगराच्या घरात जन्मलेला. विशीपर्यंत मेंढरांमागं हिंडला आणि मग एका कंत्राटदाराच्या मोटारीवर हात बसवून ड्रायव्हर झाला. माणसांशी तो मराठीत बोले, जनावरांशी कानडीत. मोटारीशीही कानडीतच बोले. तिला तो कशात धरत होता हे त्यावरून समजावं.

मोटार सुटण्याआधी तो तिच्याभोवती एक फेरी घाली. चारी चाकांवर थाप मारी, आणि मग वाकून, जमिनीला हात टेकून, खाली बघे. आत बसलेली मंडळी कातावत.

"काय अण्णा, किती प्रदक्षिणा बोललाय?"

"एकच. पन ती चुकली तर लई बोलाय लागतील."

एकदा उन्हाळ्यात असाच वाकला आणि बराच वेळ उठेना. मी उतरून पाहिलं, तर मागच्या दोन चाकांमधल्या सावलीत एका भाजीवालीची दोन वर्षांची मुलगी गाढ झोपलेली. त्यानं तिला जागीही न करता काढली, आईच्या मांडीवर नेऊन ठेवली आणि मोटार सुरू करायला हँडल मारलं. आईला रागावला नाही, आम्हाला काही ऐकवलं नाही. त्या दिवशी अक्कलकोटापर्यंत कुणी वेळेची तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी तो फेरीला निघाला तेव्हा मात्र मागून आवाज आलाच, "आज पन का?" माणसं अशीच असतात.

रस्त्याबद्दलचं त्याचं शास्त्र सरळ होतं. "शाना एकच धरायचा मास्तर, आपन. बाकी समदा रस्ता येडा हाय असं धरून हाकायचं. मंग कुनी चुकत न्हाय." ब्रेक त्याला आवडत नसे. ब्रेकवर उभं राहायची वेळ आली म्हणजे ड्रायव्हरची चूक आधीच होऊन गेलेली असते, असं त्याचं म्हणणं. तो ब्रेक लावतो आहे हे शेजारी बसून मला कळतही नसे. गाडी आपणहून विचारात पडल्यासारखी मंद होई.

सकाळी आम्ही निघायचो तेव्हा समोरून कडब्याच्या बैलगाड्या सोलापूरच्या बाजाराकडं येत. गाडीवान पहाटेचे निघालेले. कडब्यावर आडवे होऊन झोपलेले. बैल आपले ओळखीच्या वाटेनं, रस्त्याच्या बरोबर मधून. इतर ड्रायव्हर त्यांच्या तोंडाशी जाऊन भोंगा दाबत. बैल बुजून खड्ड्यात जात, गाडी उलटे, आणि मोटार पुढं निघून गेलेली असे. शिद्रामअण्णा लांबच मोटार उभी करी, खाली उतरे, बैलांचा कासरा धरून "मेल्लग, मेल्लग" म्हणजे हळू हळू असं कानडीत समजावत त्यांना कडेला घेई. गाडीवान तसाच घोरत पुढं जाई.

एकदा एक जण जागा झाला. आपले बैल परका माणूस ओढतोय हे पाहून त्यानं उठल्या उठल्या आसूड ओढला. तो अण्णाच्या पाठीत बसला.

"कोन रं तू? सोड बैलं."

"सोडतो की. कडंला लागू दे. आन् तू झोप."

गाडीवानाला अण्णाच्या मागं उभी मोटार दिसली तसा त्यानं आसूड खाली घेतला. आम्ही कुंभारी येईपर्यंत हसत होतो. अण्णाही पाठ खाजवत हसत होता. "चुकलं त्याचं काय? झोपंतनं उठलेल्यानं चोरच वळखायचा असतो."

दुसऱ्यांदा हसलो ते वकिलांवर. सोलापूरचे एक वकील अक्कलकोटच्या कोर्टात निघालेले, घड्याळ हातात धरूनच बसलेले. वाटेत निवडुंगाच्या कुंपणातून एक शेळी निघाली, रस्ता ओलांडून पलीकडं गेली. अण्णा थांबला तो थांबलाच. समोर रस्ता मोकळा.

"अहो, गेली ना शेळी," वकील म्हणाले.

"शेळी गेली, करडू यायचंय."

"कुठं दिसतंय करडू?"

"दिसत न्हाय म्हनून तर थांबलोय."

वकिलांनी घड्याळ आमच्या नाकासमोर धरलं. तेवढ्यात कुंपणातून करडानं उडी मारली आणि चारी पाय ताठ करून ते मोटारीच्या पुढ्यातून पळालं. वकिलांनी घड्याळ खिशात घातलं. मग वकीलच ते; म्हणाले, "आणि शेळीला करडू नसतंच तर?"

"तर तुमी मला शिव्या दिल्या असत्या. त्या तर दिल्याच की."

धुळीशी मात्र त्याचं वैर होतं. दुसऱ्या अड्ड्याची मोटार आम्हाला मागं टाकून गेली की तिची धूळ आमच्या तोंडावर येई आणि दहा हातांपलीकडचं दिसेनासं होई. अण्णा कडेच्या लिंबाखाली मोटार उभी करून इंजीन बंद करी आणि धूळ बसेपर्यंत पान खाई. "धुळीत शिरलेला डायवर आन् आंधळा बैल, दोगंबी सारकंच." तोवर पुढच्या गावची माणसं दुसऱ्या मोटारीनं उचललेली असत. सर्व्हिसचे मालक शेठ माझ्यावर ओरडत. मी अण्णावर ओरडे. अण्णा पानाची पिंक टाकी.

आता भोंग्याचं सांगायला हवं.

अण्णाच्या मोटारीला एक जुना पितळी भोंगा होता. मोडीत निघालेल्या मोटारीवरून त्यानं तो काढून आणलेला. तोंडाला पोचा आल्यामुळं रबरी फुगा दाबला की आवाज चिरका निघे, थेट बोकडासारखा. पोचा ठोकून काढू का, असं मिस्त्रीनं विचारलं तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. माजा आवाज हाय त्यो." वळण, ओढा, गाव यांच्या खूप अलीकडं तो फुगा दोनदा दाबी आणि त्यानंतर मोटार पायी चालणाऱ्याच्या गतीवर आणी. जनावराजवळ जाऊन त्यानं भोंगा कधी दिला नाही. इतरांच्या भोंग्याचा अर्थ होता, सरक. याच्या दोन भोंग्यांचा अर्थ होता, मी येतोय, तुमचं चालू द्या, मी थांबतो. हे त्यानं कुणाला सांगितलेलं नव्हतं. रस्त्यानं ते आपोआप शिकून घेतलं. गावोगावच्या लेकुरवाळ्या, म्हातारीकोतारी "शिद्रामचा बोकड" ओरडला की मगच घरातून निघत. बाकीच्या मोटारी जाऊ देत.

वळसंगच्या अलीकडच्या वळणावर गंगव्वा नावाची म्हातारी मेंढरं राखी. नात्यागोत्याची नव्हे, पण धनगर म्हणून अण्णाला ती एकेरीत बोले. भोंगा ऐकला की काठी वर करून ती कळप रस्त्यावर घाली आणि आम्ही पोचेपर्यंत रस्ता लोकरीनं भरलेला असे. सगळी मेंढरं पार होईपर्यंत आम्ही थांबायचो. कधी ती मूठभर शेंगा खिडकीतून आत टाकी.

एकदा मी चिडून विचारलं, "आजी, मोटार यायच्या वेळीच बरी तुमची मेंढरं पलीकडं जातात?"

"मंग कवा घालू?" ती म्हणाली. "दुसऱ्या मोटारी दिसल्या की मी दाबून धरती. ह्याचा बोकड वरडला की सोडती. शिद्या थांबतो. बाकीच्यांचा काय भरवसा न्हाय बाबा."

मी तेव्हा हसलो होतो.

शेठनी दुसरी मोटार आणली ती नवी कोरी, आणि तिच्यावर बाबू नावाचा ड्रायव्हर. तरणा, हाताचा पक्का. पण मोटार चालवताना त्याच्या डोळ्यांपुढं फक्त पुढची मोटार असे. महिना झाला तरी त्याची मोटार अर्धी रिकामी जाई. वाटेतली माणसं बोकडाची वाट बघत बसत. शेठ रोज मला बोलत. आणि एके दिवशी, त्यांना खूश करावं म्हणून, मी बोललो. कुणी सुचवलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "शेठ, माणसं अण्णाला नाही, त्याच्या भोंग्याला ओळखतात. भोंगाच नव्या मोटारीवर लावला तर?"

शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

त्याच आठवड्यात अण्णाच्या लेकीला, जेऊरला, मुलगी झाली. बारशाला म्हणून तो चार दिवस रजेवर निघाला. शेठच्या डोक्यात काय आहे याचा त्याला वास आला असावा. पिशवी खांद्याला लावून तो माझ्या टेबलाशी आला.

"मास्तर, गाडी कुनाला द्यायची तर द्या. शेठची हाय. पन माजा भोंगा कुनाला वाजवू दिऊ नगा."

"नाही देणार, अण्णा."

"तुमी हाय म्हनून जातोय."

तो स्टेशनाकडं गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्त्रीला बोलावून भोंगा काढायला लावला. पाना मीच धरून दिला.

त्या दिवशी बाबूची मोटार जाताना भरली, येताना भरली. बाया चढताना स्टिअरिंगवर दुसराच माणूस पाहून बावचळत. मी म्हणे, चला, आपलीच मोटार आहे. वळणाशी तेव्हा मेंढरं दुसऱ्या अंगाला होती. आम्ही सुसाट निघून गेलो आणि मला वाटलं, काही होत नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, दहाच्या सुमारास, वळसंगच्या वळणाअलीकडं बाबूनं भोंगा दिला. मीच त्याला सांगून ठेवलं होतं, इथं दोनदा दाब, गावची माणसं तयार राहतात. त्यानं दोनदा दाबला आणि वेग होता तोच ठेवला. वळण घेतलं तर रस्ता मेंढरांनी भरलेला. मधोमध गंगव्वा, काठी वर धरून, आमच्याकडं पाठ करून उभी. मागच्या मेंढरांना ती बोलावत होती. मोटार इतकी जवळ आली, इंजिनाचा एवढा आवाज, पण तिनं वळूनही पाहिलं नाही. वळून बघायचं तिला कारणच नव्हतं.

बाबू ब्रेकवर उभा राहिला. त्याचा उपयोग झाला नाही.

मी उतरून धावलो. किती मेंढरं गेली ते मी पाहिलं नाही. तिला कडेला घेतलं, तोंडात पाणी घातलं. ती शुद्धीवर होती. माझ्याकडं बघत होती, पण तिला मी दिसत नव्हतो. ती म्हणाली, "शिद्या, थांबला न्हाईस व्हय रं."

तो शिद्राम नव्हता, आजी. तो जेऊरला आहे, नातीच्या बारशाला. भोंगा मी काढून आणलाय. एवढी तीन वाक्यं. माझं तोंड तिच्या कानापासून वीतभर अंतरावर होतं. मागं माणसं जमली होती, बाबू होता, मोटारीतले लोक होते. मी पाणी घालत राहिलो. थोड्या वेळानं पाणी आत जाईना.

अण्णा निरोप मिळताच आला. आला तो अड्ड्यावर नाही, आधी गंगव्वाच्या वस्तीवर गेला. तिचा मुलगा मायाप्पा त्याच्याशी बोलला नाही. भोंगा तर साऱ्या वस्तीनं ऐकला होता. अण्णानं आपला भोंगा दुसऱ्याला दिला, आपला शब्द दुसऱ्याच्या हातात दिला, असं तिथं सगळ्यांनी धरलं होतं.

मग तो माझ्याकडं आला. टेबलाशी उभा राहिला, बसला नाही.

"मास्तर, चौकशीत मला काय नगो. बाबूला काय बी हू द्या. तुमी येवढंच सांगा की म्हातारीची चूक न्हवती. त्या भोंग्यावर ती मेंढरं घालायची, ते तुमी सा वर्सं बघितलंय. आन् भोंगा मी दिला न्हवता, येवढं मायाप्पाम्होरं बोला."

मी म्हणालो, "बघू."

संध्याकाळी शेठनी मला बोलावलं. ते फार काही बोलले नाहीत. "मास्तर, भोंग्याची अक्कल कुणाची होती ते विसरू नका," एवढंच. माझी बायको तेव्हा पहिलटकरीण, सातवा महिना. हे कारण म्हणून सांगत नाही. होतं ते सांगतो.

चौकशी चावडीवर झाली. साहेब खुर्चीवर, एका बाजूला मायाप्पा आणि त्याची माणसं, एका बाजूला आम्ही. अण्णा दाराशी उभा होता, पटका हातात घेऊन. त्याला मी उघड्या डोक्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. केस पिकले होते.

"भोंगा दिला होता?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब. दोनदा दिला."

"ऐकू जाईल असा?"

"हो."

"तरीही बाई रस्त्यावर आली?"

मी दाराकडं पाहिलं नाही. "हो साहेब."

साहेबांनी लिहून घेतलं. मायाप्पा उठून म्हणाला, "साहेब, त्यो शिद्रामचा भोंगा हुता." साहेब म्हणाले, "कुणाचाही असो. भोंगा तो भोंगा. वाजला होता की नाही?"  मायाप्पा दाराकडं वळला. "अण्णा, भोंगा तुमी दिला हुता?"

 अण्णा माझ्याकडं बघत होता. रागानं नाही, शेळी जाऊन रस्ता मोकळा झाल्यावर तो कुंपणाकडं बघे, तसा. कुणीतरी अजून यायचंय म्हणून थांबल्यासारखा. मी समोरच्या कागदावरची शाई वाळताना बघत बसलो.

"माजाच हुता," शेवटी तो म्हणाला आणि पटका बांधून बाहेर पडला.

चूक म्हातारीची ठरली. भोंगा दोनदा वाजूनही जनावरं रस्त्यावर आणल्याबद्दल. माझ्या जबानीत एक अक्षर खोटं नव्हतं. आज वीस वर्षं मी याच वाक्याच्या आडोशाला बसून आहे.

दुसऱ्या दिवशी अण्णा कामावर आला. फेरी घातली, वाकून खाली पाहिलं, हँडल मारलं. भोंग्याची जागा रिकामी होती. तिथं फक्त स्क्रूची भोकं. मी शेजारी बसलो. 

वळसंगच्या वळणाअलीकडं त्यानं मोटार मंद केली. मायाप्पा कळप घेऊन रस्त्याच्या कडेला होता. आम्हाला पाहताच त्यानं मेंढरं मागं रेटली. अण्णानं मोटार थांबवली. इंजीन बंद केलं.

"थांबलोय मी," तो म्हणाला. "घाल की मेंढरं."

मायाप्पा हलला नाही.

"इंजीन बंद हाय बग. घाल."

मोटारीतली माणसं चुळबुळली. बराच वेळ गेला. एक मेंढरू पुढं यायला निघालं तसं मायाप्पानं त्याला शिंगाला धरून मागं ओढलं आणि दोन्ही हात पसरून कळपापुढं उभा राहिला, आमच्याकडं तोंड करून. नजर न काढता.

अण्णानं हँडल मारलं आणि मोटार पुढं घेतली. अक्कलकोटला पोचवली, परत आणली. संध्याकाळी लायसनची मेणकापडातली घडी खिशात ठेवून, हँडल माझ्या टेबलावर ठेवून तो म्हणाला, "आता माज्याम्होरनं कुनी जात न्हाय, मास्तर."

मी भोंगा खालच्या खणातून काढून त्याच्यापुढं केला. काय वाटून केला कोण जाणे.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," तो म्हणाला. "तुमाला लागंल."

तो भोंगा अजून माझ्याकडं ट्रंकेत आहे. मुलांनी कधी काढला तर फुगा फाटलेला असल्यानं वाजत नाही.

त्यानंतर मी त्याला एकदाच पाहिलं. सहा-सात वर्षांनी, दुसऱ्याच एका सर्व्हिसच्या मोटारीनं अक्कलकोटला निघालो होतो. मागं, खिडकीशी बसलो होतो. वळसंगच्या पुढं मोटार एकदम करकचून थांबली. रस्त्याच्या मधोमध एक काटकुळा माणूस हात वर करून उभा होता, खांद्यावर घोंगडं, आमच्याकडं तोंड करून. त्याच्या पाठीमागून मेंढरं, शेळ्या पार होत होत्या. सगळी गेली. ड्रायव्हरनं भोंगा दिला. हात खाली आला नाही.

"अरे, झालं की. सर बाजूला," ड्रायव्हर ओरडला.

हात वरच. ड्रायव्हरनं आई-बहीण काढली. मोटारीत कुणी तरी म्हणालं, येडा दिसतोय. मी बाभळीच्या झुडपाकडं बघत होतो. मला माहीत होतं. झुडूप हललं आणि एक काळं करडू अडखळत रस्त्यावर आलं, मधेच थांबलं, आणि आईच्या दिशेनं पळालं.

मग त्यानं हात खाली घेतला आणि कडेला झाला. मोटार त्याच्या शेजारून सरकली तेव्हा माझी खिडकी त्याच्यासमोर आली. त्यानं मला ओळखलं. गंगव्वाला सांगायची राहिलेली तीन वाक्यं माझ्या तोंडात तयार होती, रोज असतात. मी तोंड उघडलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, थोडं थांबला, चावडीत थांबला होता तेवढाच. मग मोटारीच्या पत्र्यावर, चाकावर मारायचा तशी, एक थाप मारली.

"जावा आता, मास्तर," तो म्हणाला.